माठाला हात लावू नका

वाडी, नागपूर
१७ एप्रिल १९७४

ती. सौ. सिंधूताई यांस,
शामलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं जयंतीचं पत्र पोचलं. तिकडच्या पुढारी गणपतरावांचं भाषण लांबलं आणि खाप्याचे लोक उन्हात उभे राहून एकेक करून सटकले, हे वाचून तुमचे भाऊ पोट धरून हसले. मला मात्र सध्या कशाचंच हसू येत नाही. मी आज तुमच्याकडे तुमच्याच आईची तक्रार करायला बसले आहे, आधीच सांगून टाकते. राग आला तर येऊ द्या, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

पुष्पीची हगवण थांबून आता तीन आठवडे झाले. पाच दिवस तिला सलाइन लावलं होतं. ज्या वॉर्डात मी दुसऱ्यांच्या पोरांना सुया टोचते, त्याच वॉर्डात माझी अकरा महिन्यांची पोर डोळे पांढरे करून पडली होती. तिच्या शेजारच्या खाटेवरचं पोर गेलं, ताई. डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं, की सिस्टर, तुमच्या घरी पाणी कसं पितात. मी नर्स असून मान खाली घातली.

कसं पितात ते तुम्हीच ऐका. आईंना पाणी हवं झालं, की ग्लास माठात जातो आणि ग्लासासोबत हात मनगटापर्यंत जातो. त्या हाताने आधी गोवऱ्या थापल्या असतील, नाहीतर न्हाणीतली नाली मोकळी केली असेल. मी लांब दांड्याचं ओगराळं आणलं, ते त्यांनी खिळ्याला टांगून ठेवलं. घरात एकच फडकं आहे. त्यानेच वट्टा पुसायचा, त्यानेच भाताचा गरम गंज उतरवायचा आणि त्यानेच पुष्पीचं नाक! मी ते उकळायला घातलं, तर आईंनी विचारलं की फडक्याची भाजी करून राहिली काय. भाकर स्वतः चावून त्याचा गोळा पोरीच्या तोंडात देतात. भांडी घासायला अंगणातली माती, आणि त्याच अंगणात शेजारच्या पार्वतीबाईंच्या कोंबड्या दिवसभर हिंडत असतात.

मी हात जोडून सांगितलं, रागावून सांगितलं, जंतूंचं चित्र काढून दाखवलं. चित्र पाहून म्हणाल्या की हे तर मुगाला मोड आल्यासारखं दिसतं. पाणी उकळायला घेतलं की रॉकेल मिळत नाही म्हणून ओरडतात. तुमचे भाऊ दिवसभर ट्रान्सपोर्टच्या गोदामात आणि घरी आले की पेपरात. त्यांना विचारलं तर म्हणतात, तुझंही बरोबर आणि आईचंही बरोबर. असल्या बरोबराला काय चाटायचं आहे?

तुम्ही त्यांची लाडकी लेक. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. पुष्पीसाठी एवढं कराच.

सर्वांना जयभीम सांगा आणि माझ्यावरचा लोभ या पत्राने कमी करू नका.

आपली,
शामला

----

खापा
२५ एप्रिल १९७४

चि. सौ. शामला हिस,
सिंधूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसली, मग चिडली, मग पुन्हा हसली. मुगाचे मोड! बरोबरच दिसले असतील तिला. अगं, त्याच चावलेल्या भाकरीवर मी वाढली आणि तुझा नवराही वाढला. मी तर इतकी वाढली आहे की सावनेरच्या बसमध्ये मले दोघांची सीट लागते. तेव्हा जंतू आम्हाला भिऊन पळाले असं समज.

थट्टा सोड. पुष्पीच्या आजारात तुझा जीव कसा टांगणीला लागला होता ते मी डोळ्याने पाहिलं आहे. तू पाणी उकळतेस ते योग्यच आहे. पण तुझं बोलणंही जरा तपासून पाहा. तू घरी बोलतेस ते वॉर्डातल्या आयाशी बोलावं तसं. आई कोणाच्या हाताखाली राहिलेली बाई नाही. तिला काम दे, हुकूम देऊ नको. आणि माठाचं म्हणशील तर ती तिची जुनी खोड आहे. तुझं लग्न व्हायच्या आधी मीही एकदा टोकलं होतं, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काहून ते मले आजवर कळलं नाही.

मधूला म्हणावं, पेपर संपला असेल तर घराकडेही पाहत जा. पोरीला माझे मुके. तुझ्या ननदेची माया आहे तशीच आहे, शंका नको.

तुझी,
सिंधूताई

----

वाडी, नागपूर
४ मे १९७४

ती. सौ. सिंधूताई यांस,
शामलाचा जयभीम. वि. वि.

आई तुमच्याकडे पोचल्याच असतील. काय सांगितलं त्यांनी तुम्हाला? मला तर काहीच सांगितलं नाही. काल पहाटे उठले तर पिशवी भरून दारात उभ्या. मी विचारलं, यांनीही विचारलं. पुष्पीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बस धरली.

मी काय केलं ते जसं घडलं तसं लिहिते, तुम्हीच न्याय करा. परवा दुपारी ऊन नुसतं आग ओकत होतं. आई नाली साफ करून आल्या, हात कोपरापर्यंत काळे. पार्वतीबाई वट्ट्यावर बसून गहू निवडत होत्या. आई सरळ माठाकडे निघाल्या. माझं डोकंच फिरलं. मी ओरडले की आई, माठाला हात लावू नका, तिथेच थांबा, मी वरून ओतते. तांब्या भरून आणला आणि त्यांच्या हातावर धरला. आधी हात धुतील आणि मग पितील, एवढंच माझ्या मनात. त्यांनी हात पुढे केले आणि एकदम मागे घेतले. पाणी सगळं जमिनीवर. मग संध्याकाळपर्यंत त्या पाणी प्यायल्याच नाहीत, असं पार्वतीबाई सांगतात. एवढ्या उन्हात!

ताई, मला आता रडूही येत नाही, नुसता संताप येतो. त्यांच्यावर, यांच्यावर, माझ्यावर. मी कुठे खोटं बोलले? घाण हात पाण्यात जाऊ देऊ? माझी रजा पंधरा तारखेला संपते. पुष्पीला कोणाच्या भरवशावर टाकू? ती दारातून बाहेर पाहून आजीला हाका मारते. तिला तेवढा एकच शब्द येतो, आणि तो माझा नाही. आईंना समजवा, पाया पडते. आणि मी नेमकं काय बिघडवलं ते तरी त्यांना विचारून कळवा.

उत्तर लवकर टाका, आणि बोल लावायचे असतील तर तेही त्यात असू द्या.

आपली,
शामला

----

खापा
९ मे १९७४

चि. सौ. शामला हिस,
आशीर्वाद. वि. वि.

आई सुखरूप आहे. आल्यापासून त्या दिवसाचं काही बोलली नव्हती. आज तुझं पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं, पुष्पी हाका मारते तिथपर्यंत. मग म्हणाली की लिही. ती सांगून राहिली तसंच खाली उतरवते. यातलं पुष्कळसं मलाही आजच कळलं. मी काही बोल लावत नाही.

शामले, तुले तुह्या सासूचा आशीर्वाद.

तू मले वाईट बोलली नाई. हात घाण होते, ते मलेही दिसत होते. पण तू तांब्या वर धरला, अन् माह्ये हात आपोआप खाली गेले. मी ओंजळ केली वं. दीक्षा घेऊन अठरा वर्षं झाली, देव सोडले, जुनं सगळं सोडलं, पण हात इसरले नाई. माह्या पोराच्या घरात मी ओंजळ केली अन् पार्वती पाहून राहिली होती. मले तुह्या ओरडण्याचं काही वाटलं नाई. माह्या हाताची लाज वाटली.

आमच्या गावात विहिरीले आमाले हात लावता येत नव्हता. गाडगं घेऊन लांब बसायचं. कोणाले दया आली तर वरून ओते, गाडग्यात नाईतर ओंजळीत. सिंधूच्या आधी मले एक पोरगा झाला होता, कवडू. हे सिंधूलेही माहीत नाई, ती लिहिता लिहिता थांबली आहे. जेठ महिन्यात त्याले हगवण लागली, पुष्पीसारखीच. त्या दुपारी गावात लग्न होतं, सगळे जेवायले गेले, विहिरीवर कोणी आलंच नाई. पोहरा पडला होता, दोर पडला होता, पाणीही होतं. मी बसून राहिली. हात लावायची हिंमत झाली नाई. मग नाल्यातल्या डबक्याचं पाणी आणलं, पदरानं गाळलं अन् पाजलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. तू जंतूचं चित्र काढून दाखवलं तेव्हा मी मोडाची थट्टा केली. थट्टा नाई करावं तर काय करावं? कोणत्या पाण्यानं लेकरू मरते ते मले तुह्या आधीपासून ठाऊक आहे.

मधूले नोकरी लागली अन् त्यानं वाडीच्या खोलीत पहिला माठ आणला. त्या दिवशी घरात कोणी नव्हतं. मी त्यात मनगटापर्यंत हात बुडवला अन् तसाच ठेवला. माह्या पोराचा माठ, माहा हात, कोणी हटकणारं नाई. त्याले तू घाण म्हणतेस. म्हण. पण मले ते सोडवत नाई, अन् त्याच्यापायी पोट्टी मरायले टेकली असं तू म्हणतेस, तेही ऐकवत नाई. म्हणून निघून आली. दुसरं काही नाई.

एवढंच सांगितलं आणि उठून गेली. शामला, काय उत्तर द्यायचं ते तिलाच लिही. मी वाचून दाखवीन.

तुझी,
सिंधूताई

----

वाडी, नागपूर
१२ मे १९७४

ती. आईंच्या चरणी,
शामलाचा जयभीम. वि. वि.

पत्र आलं तेव्हा मी पुष्पीला भरवत होते. वाटी तशीच राहिली. तुमचे चिरंजीव पत्र वाचून जे बाहेर गेले ते दोन तासांनी आले. कवडूदादाचं त्यांनाही माहीत नव्हतं.

आई, मी नागपूरच्या वस्तीत जन्मले. नळ आमच्या दाराशी आणि नळावर सगळ्या आमच्याच बाया. विहिरीचं मी भाषणांत ऐकलं होतं, टाळ्याही वाजवल्या होत्या. पण ते माझ्या हातातल्या तांब्यापर्यंत येईल, असं माझ्या डोक्यात आलं नाही. एवढी शिकलेली आणि एवढी ठोंब! मला क्षमा करा. तुमच्यासमोर तांब्या मी पुन्हा कधी वर धरणार नाही.

पण खोटं लिहीत नाही. माठात हात मी अजूनही घालू देणार नाही. हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतो, पण काय करू, शेजारच्या खाटेवरचं ते पोर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पार्वतीबाई मध्ये पडल्या. म्हणाल्या की भांडता कशाला, म्हातारीसाठी वेगळा माठ ठेव, मोकळी होशील. कालपर्यंत मी कदाचित हो म्हटलं असतं. मी त्यांना सांगितलं की वेगळा माठ या घरात येणार नाही. एकच माठ राहील आणि आपण सगळे त्यातलंच पिऊ. पण हाताचं काय करायचं, ते मला खरंच कळत नाही. तुम्हीच सांगा. मी ऐकायला बसले आहे.

पंधरा तारखेला मी ड्यूटीवर जाणार नाही. रजा वाढवायचा अर्ज दिला आहे. मंजूर होवो न होवो, तुम्ही त्या कारणासाठी घाई करू नका. आलात तर तुमच्या घरी या, पोर सांभाळायला येऊ नका.

माझ्या चुकीपेक्षा तुमची माया मोठी राहू द्या.

आपली सून,
शामला

----

खापा
१६ मे १९७४

चि. सौ. शामला हिस, आशीर्वाद. आई सांगते, मी लिहिते. मधे मधे मी नाक पुसते तेही पदरानंच, तुझ्या फडक्यानं नाही. — सिंधूताई

शामले,

वेगळा माठ आणला नाई, हे बरं केलं. आणला असता तर मी वाडीचं तोंड पाहिलं नसतं.

मी येत्या रविवारी पहिल्या बसनं निघून राहिली. मधूले स्टँडवर धाड, पिशवीत सिंधूच्या घरचे लाडू आहेत. रजा आणखी वाढवू नको, नोकरी सांभाळ. आता माह्यं ऐक. नालीतून आली की हात मी साबणानं धुईन. पाणी ओगराळ्यानं घेईन. पण मीच घेईन. मले कोणी द्यायचं नाई, अन् हुकूम तर नाईच. तूही दवाखान्यातून कोणाकोणाले हात लावून येतेस अन् तशीच पोट्टीले उचलतेस, ते मी ती झाल्यापासून पाहून राहिली. आधी धुवायचे तुह्ये हात. मधूचे बी. नियम कराचा तर सगळ्याइले एक करा. तो मी पाळीन.

भाकर चावून देणार नाई. मग तू तिले दात आणून दे. पाणी उकळायचं तर गोवऱ्यावर उकळू, रॉकेल राखून ठेव. फडक्याचं मात्र मी कबूल करत नाई. घरात पाच पाच फडके, हे याचं अन् हे त्याचं, ते माह्याच्यानं होणार नाई. त्यावर आपण आल्यावर भांडू.

माठात हात घालायचं सोडते, हे मी लिहून देते. सोपं नाई. ते तू दुसऱ्याले सांगू नको, पार्वतीले तर नकोच. अन् अजून एक गोष्ट. पुष्पी मोठी होईन, चालायले लागीन, घाण हातानं माठाकडे जाईन. तवा तिले तू जरूर ओरड. मीही ओरडीन, की माठाले हात लावू नको. काहून म्हणून ती विचारीन, तवा तिले जंतूचं चित्र दाखव. कवडूचं सांगू नको, निदान दहा वर्षं तरी. हात लावू नको म्हटल्यावर जिच्या मनात नुसते जंतूच येतीन, अशी एक तरी पोरगी मले माह्या घरात पाहायची आहे.

मधूले, पोट्टीले अन् तुले माया. भांडण झालं तरी ती आटू देऊ नको.

तुही सासू,
तुळसाबाई