हरणांखालचं लाल गवत

बाबा, कळमनुरीच्या दवाखान्यात तुम्ही रंगवलेल्या हरणांखालचं गवत आता लाल झालं आहे. ते मी केलं.

सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर मुलखातली जनावरं काढा, रंगाचा खर्च सरकारचा, असा हैदराबादहून हुकूम आला होता. तेव्हाचा एक बाजाराचा दिवस अजून दिसतो. औषधाच्या बाटल्या घेतलेले शेतकरी ओसरीवर तुमच्या मागे उभे आहेत. एक जण म्हणतो, "पेंटर, सरकार हरणं काढायला पैसा देऊन राहिलं, हाकलायला काहून देत न्हाई?" तुम्ही मान न वळवता म्हणता, "म्हणून तर त्यांना भिंतीत कोंडून राहिलो, मामा." सगळी ओसरी हसते. त्या गवताचा पिवळा रंग नेमका यावा म्हणून तुम्ही हिवाळाभर माळावर जाऊन बसायचात.

तुम्ही गेलात आणि माझी शाळा सुटली. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. अक्षर चुकत नाही, पण चित्र साधत नाही. पावसाच्या ओलीने भिंतीचा खालचा गिलावा गवतासकट केव्हाच गळून पडला होता. नवे डॉक्टर म्हणाले, "दुरुस्त होत असेल तर कर, नाहीतर सगळ्यावर चुना मारतो." मी गिलावा केला, चुना दिला. तुमची ती पिवळी माती, पिवडी, कुठे मिळेना, म्हणून आईच्या डब्यातली हळद डिंकात कालवली आणि एकेक पातं जपून काढलं. चुना वरून कोरडा लागला, आत ओला होता. लहानपणी नव्या चुन्याला मी एकदा बोट लावलं तेव्हा तुम्ही ओरडला होतात, "घाई कशाची? भिंत पळून चालली का?" हळद-चुन्याचं कुंकू होतं हे आपल्याकडे लेकरालाही ठाऊक, आणि मला डॉक्टरांच्या धाकात आठवलं नाही. संध्याकाळी पिवळं असलेलं गवत सकाळी लाल होतं.

नातवाला घेऊन आलेली एक म्हातारी वाकून बघत म्हणाली, "अगं माय, हरणी हितंच व्याली व्हय?" तिचा आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. "हे लाल कोणी केलं?" चुन्याची बादली तिथेच भरलेली होती. मी म्हणालो, "साहेब, वडिलांनी असंच काढलं होतं. मी फक्त गिरवलं."

त्यांनी एका लाल पात्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "राहू दे मग. पण तुझ्या वडिलांनी गवत कधी पाहिलं नव्हतं वाटतं."

ओसरीवरचे लोक हसले. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. मीही हसलो, बाबा.