सुवाच्य अक्षरामुळे नाकारलेल्या भत्त्याबाबत

दिनांक : ९ जुलै

प्रति,
मा. सहाय्य अधिकारी,
अपंगत्व भत्ता विभाग,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय : उजवा हात निकामी असूनही अक्षर चांगले आल्याने नामंजूर झालेला भत्ता मंजूर होणेबाबत.

संदर्भ : १) आपले नामंजुरीचे पत्र, दि. २ जून.
२) आपलीच नोटीस, दि. २७ जून.

महोदय,

१. मी पाट्या रंगवणारा पेंटर. एकतीस वर्षे दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या पाट्या रंगवल्या. आपल्या दारावरची पाटीही माझीच. गेल्या वर्षी एका गोदामाची भिंत रंगवताना परांची मोडली, मी खाली आलो आणि उजवा हात खांद्यापासून लुळा पडला. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तेव्हापासून घर पत्नीच्या शिलाई मशीनवर चालते, आणि मशीनही आता कुरकुर करते.

२. भत्त्याचा पहिला अर्ज पत्नीने भरला. तो ‘अर्ज अर्जदाराच्या स्वहस्ताक्षरात नाही’ या शेऱ्यानिशी परत आला. हात गेलेल्या माणसाने स्वहस्ते कसे लिहावे, असे खिडकीवर विचारले असता आपले कारकून म्हणाले, “ते तुम्ही बघा. डावा आहे ना?” म्हणून मी जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजूवर तीन महिने डाव्या हाताने गिरवले. सुरुवातीला मी ‘अ’ काढला की पत्नी विचारायची, “हा बेडूक का?”

३. तीन महिन्यांनी अक्षर माझ्या पसंतीस उतरले आणि तिथेच मी फसलो. संदर्भ १ मध्ये आपण लिहिता, “अर्जदाराचे हस्ताक्षर अत्यंत वळणदार व सुवाच्य असून हात निकामी असल्याचे दिसून येत नाही. सबब नामंजूर.” कोणत्या हाताने लिहिले हे सांगायला छापील अर्जात रकाना नाही. पत्नीने कपाळाला हात लावला. मीही लावला, डावा.

४. मेहुण्यांनी मला वकिलाकडे नेले. वकीलसाहेब अर्ज पाहून म्हणाले, “अहो, इतकं सुंदर लिहायला तुम्हाला सांगितलं कुणी? परत लिहा. वेडंवाकडं, ओळी घसरलेल्या. बाकी मी बघतो.” घरी येऊन मी प्रामाणिक प्रयत्न केला. पण काना वाकडा दिसला की मला राहवत नाही. चार कागद लिहिले, चारही नीट आले. त्यातला त्यात वाईट सोबत जोडला आहे. अक्षर मुद्दाम बिघडवून भत्ता घ्यायचा, तर मग एकतीस वर्षे मी केले तरी काय, असे मनात आले आणि मला रडू कोसळले, हेही नमूद करतो. सबब हा अर्ज वकिलाविना आहे.

५. फेरविचारासाठी मी २० जून रोजी समक्ष हजर झालो. आपण मीटिंगमध्ये होतात. कारकून म्हणाले, “आलाच आहात तर दारावरच्या पाटीतला ‘भत्ता’ उडालाय, तेवढा रंगवून टाका. साहेब खूश होतील.” पाटी आठ फुटांवर. ती खाली काढून द्या म्हटले, तर स्क्रू काढण्याचे काम बांधकाम विभागाचे आहे असे समजले. निळ्या रंगाचा डबा आणि शिडी मात्र शिपायांनी लगेच आणली. यात माझेही चुकले. स्वतःचे अक्षर उडालेले मला बघवेना. महोदय, पाटी रंगवायला दोन हात लागतात, एक कुंचल्याला आणि एक शिडीला. लोकांना फक्त कुंचल्याचा दिसतो. मी डबा शिडीला अडकवून तिसऱ्या पायरीपर्यंत गेलो. ‘भ’ पूर्ण झाला. त्यानंतर मी, शिडी व डबा असे तिघेही कारकुनांच्या अंगावर आलो.

६. आठवड्याने संदर्भ २ ची नोटीस आली. तीत एक खुर्ची व कारकुनांचा शर्ट यांची भरपाई मागितली आहे. मजकूर असा : “आपला उजवा हात पूर्णतः निकामी असून आपण शिडीवर काम करण्यास असमर्थ आहात, याची पूर्ण जाणीव असतानाही आपण निष्काळजीपणे शिडीवर चढलात.” हे वाक्य मी पत्नीला तीनदा वाचून दाखवले. माझी बाजू आजवर इतकी चांगली कुणीच मांडली नव्हती. वकीलसाहेबांनाही हे जमले नसते.

७. दोन्ही पत्रांवर सही आपलीच आहे आणि शिक्काही आपलाच (दोन्हीकडे वाकडा). तरी यांपैकी कोणतेही एक पत्र खरे मानावे. पहिले खरे असेल, तर धडधाकट पेंटर शिडीवर चढला यात निष्काळजीपणा तो काय? नोटीस मागे घ्यावी. दुसरे खरे असेल, तर भत्ता मंजूर करावा. शर्ट पत्नी नवा शिवून देईल, कारकुनांचे माप तेवढे कळवावे. पाटी खाली काढून मिळाल्यास राहिलेला ‘त्ता’ मी डाव्या हाताने पुरा करून देईन.

८. या अर्जाच्या प्रत्येक पानावर उजव्या समासात अंगठ्याचा ठसा दिसेल. तो पत्नीचा आहे. एका हाताने लिहिताना कागद सरकतो, म्हणून माझा उजवा हात जिथे असायचा तिथे ती बसली आहे. अर्जात दुसऱ्याचा हात आहे या कारणावरून कृपया तो परत पाठवू नये.

आपला नम्र व नाइलाजाने डावरा,
(सही)
पाट्या रंगवणारा पेंटर

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला
२) वाईट अक्षराचा नमुना (चांगला आला आहे)
३) आपली दोन्ही पत्रे, शेजारी शेजारी टाचून