व्याहीबुवांची गाडी आणि घड्याळजीचे हात

श्री. व्याहीबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. विनंती छोटीच आहे, विशेष मात्र बरंच साठलंय, तेव्हा आधी बसून घ्या. (गुडघा नवा आहे, उभ्याने वाचू नका.) जिना चढता का? लेक तुम्हाला व्यायाम करायला लावते की तुम्ही तिलाच लावता? विहीणबाईंना नमस्कार सांगा. आम्ही दोघं मजेत आहोत. तुमची कुंडीतली रोपंसुद्धा मजेत आहेत. गाडीचं मात्र सविस्तर लिहावं लागेल.

गुरुवारी तुमची गाडी विकली गेली नाही. हे एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, म्हणून एकदाचं लिहून मोकळा झालो. ऑपरेशनसाठी लेकीकडे जाताना तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत आणि दोनच कामं सांगितलीत. एक, दिवसाआड गाडी दहा मिनिटं चालू ठेवायची. दोन, गुरुवारी ते औषधांच्या दुकानाचे मालक बघायला येतील, त्यांना दाखवायची. आता या गुडघ्याने क्लच दाबवणार नाही, विकून मोकळं होऊ, असं तुम्ही म्हणालात. बॉनेट उघडू नका असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात, हे मी नम्रपणे नमूद करतो. (उघडा असंही म्हणाले नव्हते, असं ही मागून म्हणतेय. तिच्याकडे लक्ष देऊ नका.)

झालं असं की गाडी उभ्या जागी थरथरत होती आणि आवाजात मध्येच एक ठोका चुकत होता. तुम्हाला तो ऐकू येत नसेल, पण एक्केचाळीस वर्षं लोकांची घड्याळं कानाशी धरलेल्या माणसाला चुकलेला ठोका झोपू देत नाही. म्हटलं, गिऱ्हाईक यायच्या आत गाडी ठणठणीत करून ठेवू, व्याहीबुवा खूश होतील. डॅशबोर्डच्या खणात माहितीपुस्तिका होतीच. तांदळाच्या दाण्याएवढी चाकं बसवलेल्या माणसाला चार स्पार्क प्लग म्हणजे काय हो! सोमवारी सकाळी इंजिन थंडगार असताना मी बसलो. चारही प्लग काढले, पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडले, चिठ्ठ्यांवर नंबर घातले, डोळ्याला भिंग लावलं आणि एकेकाची काजळी अशी काढली की प्लगांनाच लाज वाटावी. मग जागच्या जागी बसवले. आणि इथेच माती खाल्ली. आमच्या धंद्याचा पहिला धडा असा की स्क्रू दोन बोटांनी फिरवायचा आणि अडला की थांबायचं. जोर करील तो घड्याळजी नव्हे. मी दोन बोटांनी फिरवले, अडले, थांबलो. पाना शेजारीच पडला होता, पण त्याच्याकडे बघायलासुद्धा मला कसंतरी झालं.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! मंगळवारी थ्रॉटल बॉडी उघडली. ही म्हणजे इंजिनाचं नाक, असं समजा. आत एक गोल झडप असते, ती उघडेल तेवढी हवा आत जाते. तुमच्या गाडीचं नाक सोळा वर्षांत कोणी शिंकरलेलं दिसत नव्हतं. (राग मानू नका.) फवारा मारला, मऊ ब्रश फिरवला, कापडाने पुसलं, पुन्हा फवारा मारला. ही दोनदा जेवायला हाक मारून गेली. संध्याकाळी झडपेत माझी मिशी दिसायला लागली तेव्हा उठलो.

बुधवारी दुपारी हिला किल्ली फिरवायला बसवलं. (मला गाडी येत नाही, पण हिला किल्ली फिरवता येते.) गाडी चालू झाली ती थेट डरकाळी फोडत! हिने पाय वर घेऊन मांडीच घातली, मी काही दाबलं नाही, मी काही दाबलं नाही, असं ओरडायला लागली, तरी गाडी आपली गरजतेच आहे. त्यातून बॉनेटखालून फुस्स-टक, फुस्स-टक. समोरच्या शिवणवाल्या बाई खिडकी लावून आत गेल्या. खाजवून खरूज काढली म्हणजे काय, ते मला साठाव्या वर्षी कळलं.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला गिऱ्हाईक आलं. सज्जन माणूस. रंग बघितला, टायर बघितले, सीटवर बसून खूश झाले. मग मी हिला किल्ली फिरवायला सांगितली. फुस्स-टक! ते दोन पावलं मागे सरकले, हिने दिलेला चहा अर्धा टाकला, आणि विचार करून कळवतो म्हणून गेले ते गेले. तुमचा रुबाबदार चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मला फार वाईट वाटलं.

आता काळजी करू नका. नाक्यावरचा गॅरेजवाला आला होता. आम्ही त्याला मौनी म्हणतो, कारण तो दिवसाला चार वाक्यं बोलतो. त्यातली तीन माझ्यावर खर्च केली. पहिलं, घड्याळात स्फोट होत नाहीत, इथे मिनिटाला हजार होतात, तेव्हा प्लगला पाना लावावा लागतो. दुसरं, गाडीला घाणीतून श्वास घ्यायची सवय झाली होती, एकदम नाक मोकळं झाल्यावर ती धापा टाकणारच, नवी सवय होईपर्यंत थोडा वेळ द्या. तिसरं, काका, तुम्ही साफ मात्र झकास केलंय. हे तिसरं मी त्याला दोनदा म्हणायला लावलं. प्लग आवळले, वीस मिनिटांत गाडी शांत झाली. आता ठोका एकही चुकत नाही. कुणाला ती खटारा वाटेल, मला तर ऐकत बसावंसं वाटतं.

आपला,
व्याही

ता. क. : पोरं नोकरीसाठी दूर गेल्यापासून दर रविवारी तुम्ही दोघं गाडी घेऊन येता आणि आपण चौघं तळ्यापर्यंत फिरून येतो. गाडी विकलीत की रविवारी तुम्ही कशाने येणार? बसने? तुम्ही? तेव्हा दुसरं गिऱ्हाईक शोधू नका. कालपासून मी ड्रायव्हिंगच्या शिकवणीला जातोय. क्लच मी दाबीन, तुम्ही शेजारी बसून ओरडा.

आणखी ता. क. : ही म्हणते, खरं लिही. वर मी क्रम जरा मागेपुढे केलाय. मौनी बुधवारी संध्याकाळीच येऊन सगळं ठीक करून गेला होता. गुरुवारी सकाळी साडेनऊला तिसऱ्या नंबरचा प्लग मी स्वतःच्या हाताने सैल केला. गिऱ्हाईक गल्लीच्या बाहेर पडल्याबरोबर पुन्हा आवळला, पान्याने. तुम्ही रागावणार, हे मला माहीत आहे. पण पत्रातून रागावू नका, इथे येऊन रागवा.