बेलिफ म्हणजे कोण

१२ मार्च, बुधवार

ती. बाबांना नमस्कार.

गुडघा कसा आहे? तेल चोळता, की बाटली नुसतीच खिडकीत उभी?

आज कोर्टात झालं ते डायरीत दोनदा लिहिलं. दुसऱ्या खेपेला मी जरा जास्तच शूर निघाले, म्हणून पान फाडलं. तुम्हाला घडलं तसंच सांगते.

गेल्या महिन्यात, शिवणकाम करणाऱ्या एका एकट्या म्हातारीला खोलीबाहेर काढायचा हुकूम माझ्या हाती आला. दारात उभी राहून वाचला, तर खोली ९. बाईंची खोली १. घरमालक म्हणे, "तो आकडा एकच आहे हो, शेपटी जरा वळलीय." मी बजावणी न करता परतले आणि तसा अहवाल दिला. त्याने माझ्यावर तक्रार ठोकली. नोकरीवरच बेतलं होतं. तुम्हाला कळवायचा धीर झाला नाही.

आज सुनावणीत त्याचे वकील म्हणाले, "बाई, बेलिफने कागद पोचवायचा. वाचायला न्यायाधीश आहेत."

"साहेब, बेलिफ म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"बेल वाजवणारा." सगळे हसले.

तुम्ही बेलिफ, म्हणून आपल्या गल्लीतही तुम्हाला 'घंटी' म्हणायचे. मला लाज वाटायची. कॉलेजच्या अर्जात तुमच्या नोकरीपुढे मी 'कारकून' लिहिलं होतं. तुम्ही सही केलीत. तुम्ही वाचलं नसेल, असं पंचवीस वर्षं मनाला समजावत आले. पण न वाचता सही करणारे तुम्ही नव्हेच. चुकले, बाबा.

अर्ज भरला त्याच आठवड्यात 'बेलिफ' शब्दासाठी कोश उघडला होता, काहीतरी भारदस्त निघेल म्हणून. निघालं लॅटिन, अर्थ ओझं वाहणारा. हमालच. कोश मिटून ठेवला. आज तोच अर्थ भर कोर्टात सांगितला आणि म्हटलं, "हमालसुद्धा ओझं कुणाच्या दारी उतरवायचं, ते आधी विचारतो."

न्यायाधीशबाईंनी मूळ निकालपत्र मागवलं, चष्मा पुसून पाहिलं. "वकीलसाहेब, नऊच आहे. हमाल बरोबर."

तक्रार फेटाळली. त्या म्हाताऱ्या बाईंच्या खोलीला हुकूम लागू नाही, असा लेखी आदेश झाला. तो पुढच्या सोमवारी मी घेऊन जाणार आहे. बाईंना वाचता येत नाही, मोठ्याने वाचून दाखवावा लागेल. तुम्ही या. वाचायचा तुम्हीच, मी शेजारी उभी राहीन.

तुमच्याच खात्यातली,
धाकटी