चिंधीचे मत आणि ओढ्याकाठचा मळा

मी सुंदराबाई भ्रतार कै. येसाजी बडेकर, वय अदमासे साठ, धंदा शेती व भाजीविक्री, राहणार चौक गावाजवळची वाडी, पेटा खालापूर, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. छातीत कफ धरला आहे, पण डोके ठिकाणावर आहे. सांगते ते समजून सांगते. मला कोणी भरीला घातलेले नाही. लिहून घेणारे कर्जतचे शरच्चंद्र चौबळ मास्तर.

१. राहते घर वडिलोपार्जित आहे. त्यावर माझे मृत्युपत्र चालत नाही असे मास्तर सांगतात. ते माझा धाकटा दीर आबाजी याच्याकडे जाईल. जाऊ दे.

२. ओढ्याकाठचा मळा मात्र माझा. मालक वारल्यावर मी वांगी, शिराळी, मिरच्यांची पाटी डोक्यावर घेऊन माथेरान चढत होते, तिथल्या हॉटेलांना भाजी घालत होते. त्या कमाईतून हा मळा घेतला. खाते माझे, शेतसारा मी भरते. भाऊबंदांपैकी कोणाचा त्यात पैसा नाही. हा मळा, विहिरीवरच्या मोटेसह व दोन्ही आंब्यांसह, मी माझी धाकटी जाऊ चिंधी, आबाजीची पत्नी, हिला पूर्ण मालकीने देते. तिच्या नवऱ्याला नव्हे, तिला.

मास्तर म्हणाले, "सुंदराबाई, कारण लिहायची गरज नसते." मी म्हटले, "लोक विचारणारच. मग माझ्याच तोंडचे असू द्या."

तर कारण असे. मी सारा भरते म्हणून इंग्रजांच्या अमदानीत मला मत होते. वाडीत दुसऱ्या कोणा बाईला नव्हते. सन सेहेचाळीसच्या निवडणुकीत आबाजीने एका जंगल ठेकेदाराला शब्द दिला होता, की आमच्या घरची मते तुमच्याच माणसाला. मी ओटीवर सर्वांदेखत सांगितले, माझे मत मी दुसऱ्याला देणार, आणि त्या दुसऱ्याचे नावही सांगितले. आबाजी उठून बैलांना चारा घालायला गेला. मतदानाच्या दिवशी मी गोठ्यात असताना तो गाडी जोडून निघून गेला. मी खालापूरपर्यंत चालत गेले.

तिथे मतदान घेणाऱ्या साहेबाने यादीत बोट ठेवले आणि म्हणाला, "सुंदराबाई बडेकर मत देऊन गेल्या."

"मग मी कोण?" मी विचारले. मागची माणसे हसली.

बाहेर वडाखाली आबाजी उभा होता. म्हणाला, "वयनी, घरचंच मत हाय. कुनी बी टाकलं तरी काय झालं?"

त्याच्यामागे गाडीत चिंधी बसली होती. डोळ्यांपर्यंत पदर, आणि मला बघताच ती तोंड फिरवून बसली. तेव्हा मला समजले, माझ्या नावावर मत देऊन गेली ती हीच. तेवढ्यात साहेब माझ्यामागून बाहेर आला. "बाई, तुमच्या नावावर कोण आली होती ते दाखवा. शिपायाच्या ताब्यात देतो तिला." शिपाई बाजूलाच होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण बोट आबाजीकडे दाखवून भागणार नव्हते. धरली गेली असती ती चिंधी. मी म्हटले, "मला ठाऊक नाही." आणि आले तशी परत गेले. सगळी वाट मी रडले, हे कोणाला ठाऊक नाही.

संध्याकाळी चिंधी मागच्या दाराने आली. पायाशी बसली.

"बाय, त्यांनी गाडीत बसवलं तवा सांगितलं, तुझं नाव सुंदरा. नाय म्हनलीस तर म्हायेरी धाडीन, म्हनले."

"मग दिलंस ना ठेकेदाराच्या माणसाला?"

"नाय गं बाय. आपल्याला लिवता येत नाय म्हनून साहेबानं आडोशाला नेलं न् हळूच इचारलं, मत कुनाला? तितं हे नव्हते. मी तुमी ओटीवर ज्याचं नाव घेतलं व्हतं, त्याचंच नाव घेतलं." मग म्हणाली, "माझ्या जन्मात मला कुनी पयल्यांदा इचारलं, तुला कोन पायजे."

मी तिला जवळ घेतले. आबाजीला हे आजवर माहीत नाही. हे वाचले जाईल तेव्हा कळेल. त्याने चिंधीवर आवाज चढवला तर तिने मळ्यातल्या खोपीत राहायला जावे. ती खोप यंदाच मी नवीन शाकारून घेतली आहे.

३. बैलगाडी आबाजीला. तो बैलांना जीव लावतो, हे खरे आहे. मालकांच्या आजारात त्याच गाडीने त्याने रात्री-अपरात्री डॉक्टर आणला, तेही मी विसरलेले नाही.

४. माझी चांदीची गोठ-पाटली चिंधीची लेक सोनाबाई हिला. तांब्याचा हंडा वाडीच्या देवळाला.

५. आता सगळ्यांनाच मत होणार आहे, सारा भरो न भरो. आमचा खालापूर पेटा दिल्लीच्या सभेच्या निवडणुकीसाठी कुलाब्याशी जोडणार की ठाण्याशी, यावर चावडीत रोज वाद होतो. गेल्या वर्षी मतदारांची नावे लिहायला तलाठी आला. आबाजी म्हणाला, "लिवा, आबाजीची बायको." तलाठी म्हणाला, असे चालत नाही, बाईचे स्वतःचे नाव हवे. चिंधी दाराआड उभी होती. तिच्याआधीची भावंडे जगली नाहीत म्हणून आईबापांनी दृष्ट लागू नये असे हे नाव ठेवलेले, तिला त्याची लाज वाटे. तलाठी वही मिटू लागला. तेव्हा ती उंबऱ्याबाहेर आली आणि म्हणाली, "चिंधी."

"दुसरं चांगलं नाव नाही का, बाई?"

"ह्येच हाय. ह्येच लिवा."

म्हणून मळ्याच्या खात्यावरही हेच नाव चढवावे. कोणी शहाण्याने ते सुधारू नये.

६. माझे दिवस साधेपणाने करावेत. मात्र ती निवडणूक माझ्या सुतकात आली, तर त्या दिवसापुरते सुतक मोडले असे समजावे. घरातल्या बायांनी चूल पेटवू नये, रडत बसू नये, आधी जाऊन मत द्यावे. कोणाला द्यायचे ते मी सांगणार नाही, आणि आबाजीनेही सांगू नये.

वरील मजकूर मास्तरांनी मला दोनदा वाचून दाखवला. माझ्या मनात होते तेच त्यात आहे. खाली डाव्या हाताचा अंगठा उठवते.

मुक्काम चौक, तारीख ११ डिसेंबर १९४९

सुंदराबाई भ्रतार येसाजी बडेकर, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. हिरामण पोपट म्हसे, माथेरानात घोडा चालवणारा (सही)
२. मंगळ्या वाघ, राहणार कातकरवाडी (अंगठा)

लिहिणार: शरच्चंद्र चौबळ, कर्जत