धक्का म्हणायचं नाही

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात जमला नसता, कागदावर मात्र निर्विघ्न पार पडला.) वहिनीची पाठ आता कशी आहे? तुझ्या पोटाबद्दल विचारत नाही, ते पूर्वीसारखंच पुढे असणार. इकडे बाबांची तब्येत ठणठणीत, माझी बरी आणि मोरीतल्या नळाची नाजूक.

बाबांना कायमचं तुझ्याकडे राहायला यायला तयार कर, हे काम तू मला नेमून दिलंस. त्याचं काय झालं ते कळवायला हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि बाबांना नको ते तेवढं स्वच्छ ऐकू येतं.

तू मागे आला होतास तेव्हा गोदीभोवती पत्र्याचं कुंपण होतं आणि त्यावर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. आता कुंपण गेलं आहे आणि ते कुटुंब जिवंत होऊन रोज संध्याकाळी तिथे आइस्क्रीम खात हिंडतं. कोळशाच्या ढिगांच्या जागी हिरवळ आहे (तिच्यावर चालायचं नाही, तिच्याकडे बघून कौतुक करायचं). जुन्या गोदामात कॉफी मिळते. तिथलं प्लास्टर मुद्दाम खरवडून विटा उघड्या केल्या आहेत, आणि लोक त्या विटांना टेकून फोटो काढतात. आपल्या मागच्या भिंतीच्या विटा आपोआप उघड्या पडल्या तेव्हा कोणी साधं ढुंकून पाहिलं नव्हतं. बाकांना मधोमध लोखंडी हात बसवलेत, कोणी आडवं होऊ नये म्हणून. भांडण झालेल्या नवरा-बायकोंची त्यामुळे फार चांगली सोय झाली आहे. कारंजी गाण्याच्या तालावर नाचतात. समुद्राला ते येत नाही, म्हणून लोक त्याच्याकडे पाठ करून बसतात. एक भलामोठा आकाशपाळणा आहे. त्यातून सगळं शहर दिसतं, आणि आपल्या गच्चीवर वाळत घातलेलं माझं सगळंही दिसतं. तेव्हापासून मी कपडे घरात वाळवते.

हे सगळं बाबांनी फार शांतपणे घेतलं, हे मुद्दाम नमूद करते. तक्रार म्हणून एकच, ती पाटीबद्दल. ज्याला ते जन्मभर धक्का म्हणत आले, ज्याच्यावर उभं राहून त्यांनी जहाजांचे दोर झेलले आणि लोखंडी खुंटांना अडकवले, त्या धक्क्यावर आता ‘प्रोमेनेड’ अशी पाटी आहे. मी ती वाचून दाखवली तेव्हा बाबांना ते ‘परमनंट’ ऐकू आलं. म्हणाले, "मला परमनंट व्हायला अर्धं आयुष्य लागलं, ह्यांचं नुसत्या पाटीवर भागलं!" त्यानंतर त्यांनी त्या शब्दाचा नाद सोडला आणि आपला धक्काच चालू ठेवला. अडचण अशी, की तिथल्या नव्या सुरक्षारक्षकांना धक्का म्हणजे एकच धक्का माहीत, जो गर्दीत बसतो तो. बाबा कुणा जोडप्याला म्हणायचे, "जरा सरका हो, मला धक्क्याला जाऊ द्या," आणि ते जोडपं पिशव्या छातीशी धरून पळायचं. आठवड्याभरात तक्रार गेली, की एक वयस्क गृहस्थ लोकांना धक्का देण्याची भाषा करतात. मग फाटकावरचा रक्षक रोज बजावू लागला, "काका, आज कुणाला धक्काबिक्का द्यायचा नाही हं." बाबा म्हणायचे, "देऊ कसा? एवढा दगडी, उचलेल का माझ्याच्याने?" रक्षकाला वाटायचं, म्हाताऱ्याची मान्यच करायची तयारी नाही. दोघं एकमेकांवर मनापासून नाराज होते आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. (घरोघरी हेच चालतं म्हणा. तुझ्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं आठव.)

आता मुख्य प्रकार सांगते. तिथे एक तरंगतं हॉटेल आहे. बोटच आहे ती, पण काचेची, आणि पुढून-मागून अगदी सारखी. संध्याकाळी माणसं भरायची, बंदरात एक चक्कर मारायची, त्यांना जेवायला घालून परत आणून सोडायचं, एवढाच तिचा संसार. गेल्या रविवारी ती निघायच्या बेतात होती. बोटीवरच्या माणसाने खुंटावरून दोराचा फास काढला, खाली टाकला आणि हाक आली म्हणून आत वळला. बाबा तिथेच उभे होते. त्यांना दिसली धक्क्याला लागलेली बोट आणि खाली पडलेला दोर. दादा, ज्या माणसाच्या हातांनी जन्मभर दुसरं काही केलं नाही, त्या हातांनी काय केलं असेल ते तुला सांगायला नको. त्यांनी फास उचलला, खुंटावर चढवला, दोनदा ओढून पाहिला आणि हात झटकून समाधानाने बाजूला झाले.

बोट निघाली. दोर ताठ झाला. पुढचं मी पाहिलं नाही, पण ज्यांनी पाहिलं त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की आता मी पाहिल्यातच जमा आहे. आत एका जोडप्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस चालला होता. केक यजमानीणबाईंच्या मांडीवर आला आणि यजमान, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच असेल, त्यांच्या पाया पडले. कुणाला इजा झाली नाही. बाबांचा फास मात्र जागचा हलला नाही.

मला फोन आला तेव्हा मी दहावीच्या भूगोलाचे पेपर तपासत होते. रक्षक म्हणाला, "तुमच्या वडिलांमुळे धक्का बसलाय." मागे कारंज्यांचं गाणं चालू होतं. मला ऐकू आलं, तुमच्या वडिलांना धक्का बसलाय. मी पायात एक माझी आणि एक बाबांची चप्पल घालून निघाले, वाटेत शेजारच्या नर्सबाईंना त्यांच्या रक्तदाबाच्या यंत्रासकट उचललं आणि ऑफिसात पोचले. बाबा गार हवेच्या खोलीत कॉफी पीत बसले होते. समोर तिथला व्यवस्थापक (मी त्याला चकचकीत साहेब म्हणते, डोक्यापासून बुटापर्यंत त्याचं कुठलंच टोक मळलेलं नाही) उभा राहून थरथरत होता. "आजोबा, बोट चालली होती हो!" बाबा शांतपणे म्हणाले, "तोंड कुठलं, पाठ कुठली तेच कळत नाही, तर येतेय की जातेय हे ओळखायचं कसं?" नर्सबाईंनी यंत्र आणलंच होतं, तेव्हा ते फुकट जाऊ नये म्हणून साहेबाचा दाब मोजला. तो खरोखरच वर होता.

निकाल असा लागला, की बाबांना यापुढे एकट्याने तिथे पाऊल टाकता येणार नाही. लहान मुलं, कुत्री आणि बाबा यांच्याबरोबर जबाबदार माणूस हवा.

तेव्हापासून ते घरात आहेत. खिडकीशी बसतात. खिडकीतून आता समुद्र दिसत नाही, नव्या हॉटेलची मागची बाजू दिसते, जिथे दिवसभर चादरी धुतल्या जातात. म्हटलं, लोखंड तापलंय, दादाचं काम करून टाकावं. मी मुद्दे तयार ठेवले होते: तुझ्याकडची कोरडी हवा, उन्हाची खोली, नातवंडं, वहिनीच्या हातचं जेवण (हा मुद्दा शेवटी ठेवला होता, जपून). पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले, "बरं, जातो." माझे बाकीचे मुद्दे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून आपली बॅग स्वतः काढली, पुसली आणि दाराशी ठेवली.

तेव्हा तू सांगितलेलं काम फत्ते झालं आहे. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. बाबा जेवताना रेडिओ मोठ्याने लावतात. वहिनीला आत्तापासूनच सवय करायला सांग.

ता. क. दुसरा. इतक्या पटकन "बरं" का म्हणालात, असं मी काल विचारलं. मला वाटलं, साहेबावर राग असेल. तसं काही नाही. म्हणाले, "बोटीत काही खोट नव्हती गं. इंजिन चालू होतं. दोर हातात थरथरत होता. तरी मला कळलं नाही." आणि मग, "तिकडे पाणी नाही ना? मग बरं आहे." त्यानंतर त्यांनी रेडिओ लावला नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठी. आज शाळेतून परस्पर जाऊन मी बाबांची जबाबदार माणूस म्हणून नाव लावून आले. गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालंय. फोटो कुत्र्यांच्या रांगेत उभं राहून काढावा लागला. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तू त्यांना कळव, की तुझ्याकडे सध्या जमत नाही. खोलीला ओल आली म्हण, वहिनीची आई आली म्हण. फोन करू नकोस, तू खोटं बोलताना खोकतोस, पत्रच लिही. ते रागावतील, दोन-चार दिवस तुझं नाव काढणार नाहीत. सोस. मीच त्यांना "जाऊ नका" असं सांगू शकले असते, पण हे वाक्य आपल्या घरात आजवर कोणी कोणाला म्हटलेलं नाही, आणि माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना वाटेल, मला डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय.