बोटाला लागलेला बॉल

बाबा,

आज रविवार. चर्चमधून आले, भात टाकला, कालचं वरण गरम केलं आणि ताटावर बसून तुमचीच प्रार्थना म्हटली, मराठीत. इथलं चर्च हिंदी. भावाची पोरं मराठी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात. गोल बाजारात कोणी मराठी बाई भेटली की मी हौसेनं बोलायला जाते, आणि आमच्याकडे नाताळ असतो हे कळलं की ती हटकून विचारते, मग तुम्ही मराठी कशा? त्यामुळे ‘स्वर्गातल्या बापा’ही मीच म्हणते आणि आमेनही मीच. आईचं आमेन फोडणीच्या चरचरीतून यायचं, ते आठवतं. तुम्ही गेलात तेव्हा नवा रायपूर कागदावरच होतं. आता मी तिथल्या एका फ्लॅटमध्ये राहते. खिडकीतून चांगला रुंद रस्ता दिसतो, फक्त त्यावर माणूस दिसत नाही. मला फार एकटं वाटतं बाबा, तुमच्यापाशी काय लपवायचं.

मी रायपुरातल्या एका शाळेत खेळाची मॅडम आहे, मुलींना व्हॉलीबॉल शिकवते. म्हणजे तुमचंच शिकवते. गुढ़ियारीच्या आपल्या रेल्वे क्वार्टरमागचं मैदान अजून डोळ्यांसमोर आहे. मालगोदामातली ड्युटी संपवून तुम्ही हाफपँटवर उतरलेले, मी रेषेबाहेर विटेवर बसलेली. शेवटचा सेट. समोरच्याचा स्मॅश बाहेर जातो, पंच पॉइंट आपल्याला देतो आणि तुम्ही हात वर करता. बॉल तुमच्या बोटाला लागून गेलेला असतो. पॉइंट जातो, त्यापाठोपाठ मॅचही जाते. शेजारचे काका, तुमचे विदर्भापासूनचे दोस्त आणि टीममधले जोडीदार, सगळ्यांदेखत म्हणतात, “पंचाले दिसलं नाही त तुले काहून दिसलं बे?” तुम्ही म्हणता, “लागला होता न मले.” एवढंच. काकांनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं आणि दिवाळीला त्यांच्या घरून येणारं फराळाचं ताटही त्या वर्षी आलं नाही.

मला मात्र केवढा अभिमान. दुसऱ्या दिवशी मी कॉलनीतल्या पोरांना ऐकवलं की आम्ही ख्रिस्ती आहोत, आम्ही चिटिंग करत नाही. तुम्ही सायकलची चेन बसवत होता. काळ्या हातांनीच तुम्ही मला बोलावलंत. “इकडे ये पोट्टे. काकाच्या बोटाले लागला असता त त्यानं हात वर केला नसता, हे तुले कोनं सांगतलं? येशूचं नाव शान माराले घ्यायचं नसते.” तुम्ही कधी ओरडत नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग नाताळ आला. आईनं करंज्या तळल्या आणि दरवर्षी मी काकांकडे घेऊन जायचे ते ताट त्या दिवशी तुम्ही स्वतः घेऊन निघालात. मी मागोमाग. काकांनी दार उघडलं, ताटाकडे पाहिलं, “आता हे काहून आणलं?” “नाताळ हाय न बे.” काकांनी दार सोडलं आणि ताटातली एक करंजी उचलली. मग तुम्ही दोघं पायरीवर बसून करंज्या खाऊ लागलात आणि बोलणं निघालं ते काकांच्या बदलीचं. मॅचचा विषय कोणी काढला नाही. तुम्ही उगाच कमीपणा घेतलात म्हणून मी घरी येऊन आईजवळ रडले होते.

गेल्या महिन्यात आमच्या मुली शाळाशाळांच्या स्पर्धेत पहिल्यांदा अंतिम फेरीत गेल्या. शेवटच्या सेटमध्ये, अगदी टोकाला, समोरच्या मुलीचा स्मॅश आमच्या ब्लॉकवरून बाहेर गेला. पंचानं आमच्या बाजूनं हात केला. आमच्या मुली नाचायला लागल्या आणि ब्लॉकला, स्मॅश नेटपाशीच अडवायला, उडी मारलेली आमची उंच पोरगी तेवढी जागेवर उभी. तिनं हात वर केला. सरावात मी रोज हेच करून घेते, पण तिथं, त्या गर्दीत, तिनं ते खरंच केलं. आम्ही हरलो. परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारी कोणी बसलं नाही, म्हणून मी बसले. प्रिन्सिपल सर मला म्हणाले, “मॅडम, पंच का काम पंच को करने दीजिए.” स्टाफरूममध्ये दोनतीन जण हसले. एवढं मी पचवलं असतं.

ही पोरगी गुढ़ियारीची, आपल्या जुन्या क्वार्टरमागच्याच पाऱ्यातली, त्या मैदानालगतच्या वस्तीतली. घरी पूजाअर्चा, उपासतापास सगळं असलेली. आठवड्यानं ती जर्सी आणि नी-पॅड धुऊन, घडी करून परत करायला आली. टीममधल्या मुली तिच्याशी बोलत नव्हत्या. म्हणाली, “मैडम, मैंने गलत किया क्या?” मी म्हटलं, नाही, तू बरोबर केलंस, अगदी बरोबर. तिनं विचारलं, “आपको किसने सिखाया ये?” मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. “वो भी खेलते थे?” हव, म्हटलं, तुझ्याच पाऱ्याच्या मैदानावर. तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. तुमची सगळी गोष्ट सांगितली, काका, पायरी, करंज्या. सण कोणता, ते सांगितलं नाही. ऐकून झाल्यावर तिनं अगदी सरळ मनानं विचारलं, “और उनको किसने सिखाया?”

मागे व्हरांड्यात दोन शिक्षक उभे होते. आजकाल शाळेत मुलांपुढे येशूचं नाव काढायचं तर माणूस दहादा विचार करतो. उद्या कोण त्याचा काय अर्थ काढेल, सांगता येत नाही. मी म्हणाले, “पता नहीं.”

तिनं मान हलवली. जर्सी काखेत मारून तशीच परत घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवसापासून सरावाला येते. अजून एकटीच बसते, पण येते. मला आनंद व्हायला हवा, आणि झालाही. पण आज चर्चमध्ये सगळे गायला उभे राहिले तेव्हा मी बसून राहिले. शेजारच्या बाईंना सांगितलं, गुडघा दुखतो.

हे लिहून मी कुठं टाकणार, तुमचा पत्ता मला ठाऊक आहे आणि तिथं पोस्टमन जात नाही. गेले कितीतरी दिवस मी स्वतःला समजावते आहे की तुम्हीच सांगितलं होतं, त्याचं नाव शान मारायला घ्यायचं नाही, म्हणून मी गप्प बसले. तसं नाही बाबा. पोरीनं विचारलं होतं, शान मारायचा प्रश्नच नव्हता. मी घाबरले.